मैदान घराजवळ आहे, आमंत्रण मात्र आलं नाही : रग्बी फुटबॉल लीगच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
रग्बी फुटबॉल लीग, मँचेस्टर

स. न. वि. वि.

रग्बी लीग या खेळाचा इथला कारभार तुम्ही पाहता, म्हणून हे पत्र इंग्रजीत लिहून तुमच्या कार्यालयाकडे पाठवलं आहेच. इथे ते मराठीत लिहितोय, कारण लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, मँचेस्टर या भागात राहणाऱ्या माझ्या माणसांनीही ते वाचावं असं मला वाटतं. त्यातल्या बहुतेकांना आपल्या घरापासून अर्ध्या तासावर रग्बी लीगचं मैदान आहे हे ठाऊक नाही. तो त्यांचा दोष नाही. तो तुमचा आहे, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी पुढे सविस्तर मांडतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. यॉर्कशरमधल्या बॅटली गावात राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. इथे आलो तेव्हा रविवारची दुपार कशी घालवायची कळत नसे. शेजारच्या आजोबांनी एकदा कुंपणावरून हाक मारली आणि म्हणाले, चल, माउंट प्लेझंटवर जाऊ. आजोबा सूतगिरणीत राबून निवृत्त झालेले. मैदानावर पोचलो तर ते चक्क उतरतं होतं! एका कोपऱ्याकडे एवढा उतार की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, इथे खेळ कसा होणार? आजोबा म्हणाले, पहिल्या अर्ध्यात चढावर टिकून राहायचं, दुसऱ्या अर्ध्यात उतारावर जिंकायचं. मध्यंतरात सगळी माणसं उठली आणि आपला संघ आता ज्या बाजूला चढाई करणार त्या टोकाला चालत गेली. मीही गेलो. तेव्हापासून मी घरच्या सामन्यांना जातोय.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे रग्बी म्हणून जे थोडंफार दिसतं, ते रग्बी युनियन. रग्बी लीग हा त्याचा भाऊ, पण 1895 मध्ये वेगळा झालेला. एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडलं की तो उठतो, चेंडू पायानं मागे ढकलतो, पुढचा उचलतो. असं सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्या संघाला. ज्यानं लहानपणी कबड्डीत पकड केली आहे, त्याला हा खेळ पहिल्या दहा मिनिटांत कळतो. मला कळला.

आता मूळ विषय.

गेल्या हंगामातल्या एका रविवारी मी माझ्या नेहमीच्या जागी उभा होतो. ऊन होतं, वारा नव्हता, सामना चुरशीचा होता. आणि पलीकडच्या पायऱ्यांवरची माणसं एकेक करून मोजता येत होती. याच मैदानावर 1925 मध्ये लीड्सविरुद्ध 23,989 माणसं जमली होती. आजोबांचे वडील पोरवयात त्या गर्दीत होते. चॅलेंज कप नावाची स्पर्धा सुरू झाली तेव्हा 1897 चा पहिला कप सेंट हेलन्सला 10–3 हरवून जिंकला तो याच गावानं. आज इथे हजार-बाराशे माणसं आली तरी क्लबची मंडळी खूश असतात. शेजारच्या ड्यूसबरीत काय, कीली किंवा ओल्डममध्ये काय, थोड्याफार फरकानं हेच चित्र.

गाव बदललं, गिरण्या गेल्या, टीव्ही आला, हे मला कळतं. 1954 मध्ये ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन यांचा सामना पाहायला अधिकृत आकड्यानुसार 1,02,569 माणसं आली होती. ते दिवस परत आणा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण जे हजार-बाराशे येतात त्यांचे दोन हजार करणं अशक्य नाही, आणि त्याच्या आड तुमचेच निर्णय येतायत.

पहिली तक्रार सगळ्यात मोठी आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो. तुम्ही 2022 मध्ये आयएमजी या सल्लागार कंपनीबरोबर बारा वर्षांचा करार केलात. त्यातून गुणपत्रिका आली. कोणता क्लब सुपर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत, खेळणार हे आता मुख्यतः वीसपैकी किती गुण पडले यावर ठरतं. चाहत्यांसाठी पाच, खेळातल्या कामगिरीसाठी पाच, पैशांच्या व्यवहारासाठी साडेचार, मैदानासाठी तीन, समाज आणि परिसरासाठी अडीच. म्हणजे मैदानावर जिंकणं हे वीसातलं पाचच. ऑक्टोबर 2023 मध्ये लंडन ब्रॉन्कोस फ्रान्समधल्या टूलूजला गेले, तिथल्या संघाला त्याच्याच गावात 18–14 हरवलं आणि सुपर लीगमध्ये जागा मिळवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुमच्या प्राथमिक गुणांकनात ते चोविसाव्या क्रमांकावर होते. पुढचं वर्ष कसंही खेळा, बाहेर पडणार हे त्यांना हंगाम सुरू होण्याआधीच कळलं होतं, आणि तसंच झालं.

मी त्या क्लबचा चाहता नाही. पण त्या बातमीनंतरच्या रविवारी आजोबांनी मला विचारलं, मग आता आपण कशासाठी खेळतोय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2022 मध्ये आमचा संघ चॅम्पियनशिपच्या, म्हणजे सुपर लीगखालच्या श्रेणीच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. ली या गावच्या संघाकडून मोठ्या फरकानं हरलो, पण त्याआधीचे काही आठवडे गावात जे वारं होतं ते मी विसरणार नाही. दुकानात औषध घ्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, रविवारी काय होईल? ज्यांनी कधी मैदान पाहिलं नव्हतं त्यांनी मला तिकिटाबद्दल विचारलं. का? कारण जिंकलो तर वर जाणार होतो. ऐंशी मिनिटांवर काहीतरी अवलंबून होतं. ते ऐंशी मिनिटांतून काढून कागदावर नेलंत, तर नव्या माणसाला मी काय सांगून मैदानावर आणू? चल, आपला संघ आज जिंकला तर आपल्याला अमुक दशांश गुण मिळतील?

ही चूक या खेळानं आधी एकदा केली आहे. नव्वदच्या दशकात कीलीच्या क्लबनं जे करून दाखवलं ते तुमच्या दप्तरात असेलच. काही शेकड्यांत असलेली गर्दी त्यांनी काही हजारांवर नेली. कशी? क्लबचं नाव कूगर्स ठेवलं, मैदानावर गाणी-वाजवणं आणलं, आणि मुख्य म्हणजे खेळाडूंना शाळाशाळांत पाठवलं. पोरांनी आईबापांना ओढून आणलं. 1994–95 मध्ये तो क्लब दुसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला. आणि त्याच वेळी सुपर लीगची घोषणा होऊन त्यांना वर यायची वाट बंद झाली. कीलीतली म्हातारी माणसं आजही त्या वर्षाबद्दल बोलताना मध्येच थांबतात. एका गावानं सगळं बरोबर केलं आणि त्यांना उत्तर मिळालं, तरीही नाही. त्याच 1995 मध्ये फेदरस्टोन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड यांचा मिळून एकच क्लब करायचीही योजना होती. लोकांनी विरोध केला म्हणून ती बारगळली. तेव्हा लोकांचं ऐकलं गेलं, म्हणून ते तीनही क्लब वेगळे राहिले.

दुसरी तक्रार. गुणपत्रिकेत परिसराची लोकसंख्याही धरली जाते. बॅटली आणि ड्यूसबरी या दोन गावांत जेमतेम दोन मैल अंतर आहे. आजूबाजूला लीड्स, वेकफील्ड, हडर्सफील्ड, ब्रॅडफर्ड. हा खेळ इथेच जन्मला, म्हणून इथे क्लब दाटीनं आहेत. या दाटीची शिक्षा लहान गावाला का? तुम्ही गर्दीचा आकार मोजता, वाढ मोजत नाही. मोठ्या शहरातल्या क्लबला काही न करता जे मिळतं, ते लहान गावातल्या क्लबला दहा वर्षं राबूनही मिळणार नाही.

तिसरी तक्रार वेळेची. आमच्या श्रेणीतले खेळाडू अर्धवेळ आहेत. कोणी सुतार, कोणी शिक्षक, कोणी गोदामात. दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येतात. त्यांचे प्रेक्षकही तसेच. रविवार दुपारी तीन ही वेळ आमच्या अंगवळणी पडली आहे. रविवारचं जेवण झालं की मैदान. 2022 मध्ये टीव्हीसाठी चॅम्पियनशिपचे सामने सोमवारी रात्री ठेवलेत. मंगळवारी शाळा असलेलं कोणतं पोर सोमवारी रात्री दहाला घरी येणार? आणि सुपर लीगचा सामनाही रविवारी दुपारी शेजारच्या शहरात ठेवला की घरात एकच गाडी असलेल्या कुटुंबानं कुठे जायचं ते तुम्हीच ठरवून टाकता. 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लबांनी वेगळं व्हायचं ठरवलं ते याच कारणानं की सामन्यासाठी मजुरी बुडवणाऱ्या कामगाराला भरपाई मिळावी. कष्टकऱ्याच्या वेळेची किंमत ओळखून जन्मलेला हा खेळ आहे. तुम्ही खालच्या क्लबांच्या कपला 1895 हे नाव दिलंत, ते मला फार आवडलं. त्या नावामागची गोष्टही सांभाळा.

चौथी तक्रार मी जरा सावकाश सांगतो, कारण ती माझ्या जवळची आहे.

बॅटली हे चिंध्यांवर उभं राहिलेलं गाव. 1813 च्या सुमारास इथे बेंजामिन लॉ यांनी जुन्या लोकरी चिंध्या पिंजून नवं कापड करायची पद्धत काढली आणि जगभरच्या चिंध्या इथे यायला लागल्या. पन्नास-साठच्या दशकात रात्रपाळीला माणसं मिळेनात तेव्हा गुजरातेतून, पाकिस्तानातून माणसं आली. भरूच-सुरतेकडची कितीतरी कुटुंबं आज इथे तिसऱ्या पिढीत आहेत. मैदानाच्या आसपासच्या गल्ल्यांत ती राहतात. रविवारी त्यांच्या खिडक्यांतून सामन्याचा आवाज ऐकू येतो. आणि मैदानात आमच्यासारखे चेहरे किती दिसतात? माझ्या मुलीनं नऊ वर्षांची असताना विचारलं होतं, बाबा, इथे आपणच का?

आपली माणसं हा खेळ खेळू शकत नाहीत असं कोणी म्हणू नये. लीड्समध्ये जन्मलेले इक्रम बट 1995 मध्ये इंग्लंडकडून खेळले. रग्बीच्या कोणत्याही प्रकारात इंग्लंडचा शर्ट घालणारे ते पहिले मुस्लिम आणि पहिले दक्षिण आशियाई वंशाचे खेळाडू. त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्यांच्यामागून रांग लागायला हवी होती. ती का लागली नाही, याचा विचार मंडळानं एकदा तरी बैठकीत वेळ काढून केला पाहिजे.

मला वाटतं, कारण अगदी साधं आहे. कोणी बोलावलं नाही. आणि जो न बोलावता आला त्याला परकं वाटावं अशा बारीकसारीक गोष्टी तशाच राहिल्या. एका मैदानावर (नाव घेत नाही, माणसं चांगली होती) पत्नीनं विचारलं, शाकाहारी काय आहे? खिडकीतल्या काकूंनी आनंदानं चिप्स पुढे केल्या. विचारल्यावर कळलं की त्या गाईच्या चरबीत तळलेल्या आहेत, यॉर्कशरच्या जुन्या पद्धतीप्रमाणे. आम्ही खाल्ल्या नाहीत, आणि गल्लीतल्या मुस्लिम कुटुंबानंही खाल्ल्या नसत्या. उरलं काय? मांस भरलेली पेस्ट्री आणि बिअर. काकूंचा काही दोष नाही, त्या विनामोबदला उभ्या असतात. त्यांना कोणी सांगितलंच नाही की तेलाची एक वेगळी कढई ठेवली तर दोन गल्ल्या जेवतील. शिवाय, गेली कित्येक वर्षं स्पर्धेच्या नावाआधी सट्टा घेणाऱ्या कंपनीचं नाव लागतं. क्लबांना पैसा लागतो हे मान्य. पण सट्टा आणि दारू यांपासून मुलांना जपणाऱ्या घरात त्या नावाचा अर्थ काय होतो, हे त्या घरात जाऊन विचारा.

माझ्या कोल्हापुरात फुटबॉल चालतो. आयएसएल या देशभरच्या लीगचा नव्हे, तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल अशी संघांची नावं. शाहू स्टेडियमवर स्थानिक लीगचा सामना असला की हजारो माणसं तिकीट काढून येतात. तिथे टीव्हीचे कोट्यवधी रुपये नाहीत, परदेशी सल्लागार नाहीत. मग माणसं का येतात? कारण संघाच्या नावात तालीम आहे, मैदानावर गल्लीतलं पोर आहे, आणि सामन्याच्या दिवशी दाराशी कोणीतरी येऊन म्हणतं, चला की! कधीकधी तिथे हुल्लडबाजीही होते, ती मला नको आहे. उलट इथे दोन्ही संघांचे प्रेक्षक एकमेकांशेजारी उभे राहून सामना पाहतात, हे मी कोल्हापूरच्या मित्रांना अभिमानानं सांगतो. पण माणूस मैदानावर येतो तो बोलावल्यावर येतो, हे मी तिथे शिकलो. आजोबांनी मला कुंपणावरून हाक मारली नसती तर मीही चौदा वर्षं घरातूनच आवाज ऐकत बसलो असतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

सुपर लीग 2026 पासून चौदा क्लबांची केलीत. त्यातली किमान एक जागा दर वर्षी मैदानावर ठरू द्या. चॅम्पियनशिप जिंकणाऱ्याला, मैदान आणि हिशेब यांच्या किमान अटी पुऱ्या करत असेल तर, वर जाऊ द्या, आणि हे हंगामाआधी लेखी जाहीर करा. माझी ही एकच मागणी मान्य झाली तरी बाकीच्या निम्म्या आपोआप सुटतील.

चाहत्यांच्या पाच गुणांत नुसता आकार मोजू नका, वाढ मोजा. मागच्या वर्षीपेक्षा किती नवी माणसं आली, किती मुलं आली, किती परत आली. ज्या क्लबचे आठशेचे बाराशे झाले त्यानं मोठं काम केलं आहे, त्याला ते कागदावर दिसू द्या.

खालच्या श्रेणीसाठी रविवार दुपारी तीन ही वेळ राखून ठेवा. त्या वेळी सुपर लीगचा सामना त्याच परिसरात नको. वेळापत्रक डिसेंबरअखेर हातात द्या आणि मग बदलू नका. बॅटली–ड्यूसबरी हा सामना नाताळच्या दुसऱ्या दिवशी होतो तेव्हा लोक कसे येतात ते पाहा. तो मैत्रीचा सामना असतो, रॉय पॉवेल या दिवंगत खेळाडूच्या नावाच्या ट्रॉफीसाठी, आणि तरी माणसं थंडीत उभी राहतात, कारण तो दिवस ठरलेला आहे.

टीव्हीच्या पैशांतून प्रत्येक खालच्या क्लबला एका माणसाचा पूर्ण पगार द्या. त्याचं काम एकच, गावाला मैदानावर आणणं. शाळांत जाणं, मशिदीत, गुरुद्वारात, मंदिरात, मंडळांत जाणं. बॅटलीत त्याला गुजराती यायला हवं, कीलीत पंजाबी किंवा उर्दू. फुकट तिकिटं वाटून हे होणार नाही, फुकट तिकीट खिशातच राहतं. खेळाडू शाळेत येऊन पोराच्या हातात चेंडू देतो, तेव्हा ते पोर रविवारी घरी गप्प बसत नाही. ते कीलीनं दाखवून दिलं आहे.

प्रत्येक मैदानावर एक बाजू अशी ठेवा जिथे दारू नाही आणि सट्ट्याची जाहिरात नाही. आणि हो, तेलाची ती वेगळी कढई.

बसबद्दल एवढंच की वेस्ट यॉर्कशरच्या प्रशासनाशी बोलून सामन्याच्या तिकिटावर रविवारचा बसप्रवास मिळेल का ते पाहा. रविवारी बस कमी असतात.

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर होण्याआधी या पत्राला लेखी उत्तर मिळावं, अशी विनंती आहे. मला एकट्याला नको, क्लबांच्या सगळ्या प्रेक्षकांना उद्देशून जाहीर करा.

आजोबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मैदानाच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, म्हणून सामना संपला की मी त्यांच्याकडे जातो आणि सगळा सामना सांगतो. मुलगी आता बारा वर्षांची आहे, गावातल्या हौशी क्लबात मुलींच्या संघात खेळते, आणि माझ्याआधी तीच सांगायला लागते. तिला मोठं होऊन याच मैदानावर खेळायचं आहे.

इथल्या मराठी कुटुंबांनी यावं म्हणून माझ्याकडून एवढं करतो. माउंट प्लेझंटवर घरच्या प्रत्येक सामन्याला अडीच वाजता मी फाटकाशी उभा असेन. पहिल्यांदा येणाऱ्या कोणालाही खेळ समजावून सांगेन, उताराची बाजू दाखवेन, आणि मध्यंतरात दुसऱ्या टोकाला घेऊन जाईन.

आपला,
माउंट प्लेझंटवरचा एक प्रेक्षक,
बॅटली, वेस्ट यॉर्कशर